टेबल ते बॉनेट, बारा पावलं

टुक्क.

एवढासाच आवाज. रंगाच्या छोट्या डबीचं पत्र्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की होतो तेवढा. पण आठ दिवस घर इतकं गप्प होतं, की मी कप विसळता विसळता नळ बंद केला आणि कान दिला. आवाज सासऱ्यांच्या खोलीतून आला होता. थोड्या वेळाने झाकण परत दाबून बसवल्याचा आवाज, आणि पुन्हा शांतता. म्हणजे आप्पांनी डबी उघडली, आतला पिवळा रंग सुकलाय का ते पाहिलं, आणि ठिपका द्यायला काहीच हाताशी नसल्यामुळे बंद करून ठेवली.

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, माझ्या पाच वर्षांच्या लेकीने रंगपेटी घेऊन धुमाकूळ घातलाय. गॅसच्या नळीवर पिवळा ठिपका. बाथरूमच्या नळावर, पंख्याच्या स्क्रूवर, तिच्या तीनचाकी सायकलच्या प्रत्येक नटावर ठिपका. हे सगळे आप्पांचे. तेहतीस वर्षं ते बस डेपोत मेकॅनिक होते. तिथली पद्धत अशी, की नट आवळला, तपासला, की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे, "मी बघितलंय, आता तुम्ही विसरून जा." मी लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यात माझ्या सुटकेसचं ढिलं चाक त्यांनी बसवून दिलं आणि त्याच्यावरही ठिपका ठेवला. नवऱ्याला मी म्हटलं होतं, "मला कधी देणार आहेत?" तो म्हणाला, "आधी तपासून तर होऊ दे."

तर आठ दिवसांपूर्वी गाडी उकळली. महिन्यात तिसऱ्यांदा. आप्पा आमच्या भिंगरीला शाळेतून आणत होते. भिंगरी म्हणजे माझी लेक. एका जागी पाच मिनिटं थांबत नाही म्हणून हे नाव, खरं नाव फक्त शाळेच्या वहीवर. चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. भिंगरीला मजा वाटली, घरी येऊन तिने जाहीर केलं, "गाडीने चहा केला!" नवऱ्याला मात्र मजा वाटली नाही. त्याने गाडी थंड झाल्यावर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आत पाणी जवळजवळ नव्हतंच.

"आप्पा, निघताना पाणी बघितलं होतं?"

"बघितलं होतं."

"मग गेलं कुठे?"

"बघितलं होतं म्हणतो ना."

"पोरगी होती आप्पा गाडीत!"

हे शेवटचं वाक्य तो जोरात बोलला. घाबरलेला माणूस बोलतो तसं. मग त्याने किल्ली खालच्या खुंटीवरून काढली आणि स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर, बरणीमागे ठेवली. सोमवारपासून शाळेची व्हॅन ठरवली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, आणि "आता मी त्या गाडीला बोट लावणार नाही" एवढंच म्हणून खोलीत गेले. तेव्हापासून जेवायला येतात, ताटात बघतात, जातात. एरवी सकाळी साडेसातला ते आणि भिंगरी गाडीत बसून डेपोच्या गोष्टी सांगत-ऐकत शाळेत जायचे. त्यांच्या दिवसातली तेवढी एकच वेळ नक्की ठरलेली होती. बाकीचा दिवस त्या वेळेला टांगलेला.

मला खरं सांगायचं तर काय वाटत होतं तेच कळत नव्हतं. मागच्या महिन्यात आप्पांनी चहात दोनदा साखर घातली होती. पण तेवढं मीही करते. भिंगरी झाल्यापासून मी फ्रिज उघडून आत काय शोधायला आले होते याचा विचार करत उभी राहते. मग विसरणं कुठे संपतं आणि दुसरं काहीतरी कुठे सुरू होतं? मी पाच वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासले आहेत. तिथे एक खोड लागली ती लागलीच. कुणी काही म्हटलं की मला आकडा बघायचा असतो. नवरा म्हणतो पाणी विसरले, आप्पा म्हणतात नाही विसरलो. गाडी काय म्हणते ते कुणी विचारलंच नव्हतं.

शनिवार होता. नवरा कागद कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता, चारपर्यंत येणार नव्हता. डबीचा तो आवाज ऐकला, हात पुसले, आणि स्टुलावर चढून बरणीमागची किल्ली काढली.

"आप्पा," मी त्यांच्या दाराशी जाऊन म्हटलं, "मला गाडी बघायची आहे. शिकवा."

"मी बोट लावणार नाही."

"नका लावू. तोंडाने सांगा."

त्यांनी माझ्या हातातली किल्ली बघितली. मग उठले, खुर्ची उचलली, दाराबाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली, आणि मुद्दाम गाडीकडे पाठ करून बसले. भिंगरीने लगेच आपलं छोटं स्टूल आणून गाडी आणि आजोबा यांच्या बरोबर मध्ये ठेवलं. "मी बघून सांगीन आजोबांना," ती म्हणाली.

"लांबून," मी आणि आप्पा एकदमच म्हणालो.

आधी पाणी भरलं. मग इंजिन चालू केलं. आप्पांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "काटा कुठेय?"

"खाली."

"बघत राहा."

मी बघत राहिले. दहा-बारा मिनिटांत काटा मध्यावर आला. तिथे थांबायला हवा होता. थांबला नाही.

"मध्याच्या वर चाललाय, आप्पा."

"आता वरचा जाड पाइप आहे ना, इंजिनापासून रेडिएटरकडे जाणारा? त्याला हात लाव. उलट्या हाताने. पंख्यापासून पदर लांब."

"मी पँट घातलीय."

"मग केस लांब."

मी उलटा हात लावला. चटका बसेल म्हणून आधी नुसता टेकवला. मग पूर्ण तळवा ठेवला. "थंड आहे!"

खुर्ची करकरली. "थंड? नीट बघ. कोमट असेल."

"आप्पा, टाकीतल्या पाण्याइतका थंड. इंजिन तापलंय आणि हा थंड आहे. असं कसं?"

"बंद कर. बंद कर आधी गाडी." त्यांचा आवाज बदलला होता. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यात कुठेतरी ऊब होती. ते अर्धे वळले, मग शपथ आठवून परत सरळ झाले. "म्हणजे पाणी असूनही पुढे जात नाही. थर्मोस्टॅट अडकलाय! बंद पडून राहिलाय. इंजिनातलं पाणी आतल्या आत उकळतं आणि उकळून बाहेर उडून जातं. म्हणून तुझ्या नवऱ्याला टाकी रिकामी दिसली. कळलं का?"

मला कळलं होतं. टाकी रिकामी होती म्हणून गाडी उकळली नव्हती. गाडी उकळली म्हणून टाकी रिकामी झाली होती. दुधाच्या दोन नमुन्यांकडे बघावं तशी मी त्या दोन वाक्यांकडे बघत राहिले. दिसायला सारखेच.

"थर्मोस्टॅट म्हणजे काय?" भिंगरीने विचारलं.

"दार," आप्पा म्हणाले. "इंजिन गार असतं तोवर दार बंद. पाणी आतच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. गरम झालं की दार उघडतं, आणि पाणी वारा खायला रेडिएटरमध्ये जातं."

"दार कोण उघडतं?"

"मेण. आत पितळेची एवढीशी डबी असते, तिच्यात मेण. गरम झालं की मेण फुगतं, दार ढकलतं."

भिंगरी गप्प झाली. हे तिच्या बाबतीत फार क्वचित होतं.

इंजिन थंड व्हायला दोन तास द्यायला आप्पांनी बजावलं. "गरम असताना झाकण उघडणारा माणूस एकदाच उघडतो." तेवढ्यात मी आणि भिंगरी पलीकडच्या गल्लीतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने गाडीचं मॉडेल ऐकलं, मागे वळून खोका काढला आणि म्हणाला, "पुन्हा? चार महिन्यांपूर्वी तर आप्पांनी स्वतः नेऊन बसवला. थंडीत काटा वर चढत नव्हता म्हणून."

"अडकला बहुतेक."

"इतक्यात? बघू, जुना घेऊन या मला." त्यालाही उत्सुकता लागली होती. त्याने रबरी रिंग वेगळ्या कागदात बांधून दिली.

घरी आलो तेव्हा आप्पा खुर्चीतच होते, पण खुर्ची थोडी तिरकी झाली होती. 

रेडिएटरखाली कपडे भिजवायचा टब सरकवला. खालचा पाणी सोडायचा स्क्रू सैल केल्यावर हिरवं पाणी धार धरून आलं. भिंगरी पुढे वाकली तसे आप्पा ओरडले, "लांब! चवीला गोड असतं आणि विष असतं ते. मांजरसुद्धा येऊ देऊ नका जवळ." आमच्याकडे मांजर नाही, पण भिंगरीने पुढचा अर्धा तास न आलेल्या मांजराला हाकलण्याचं काम मनापासून केलं.

वरच्या पाइपाचा पट्टा ढिला केला. पाइप चिकटून बसला होता, आप्पा म्हणाले, "ओढू नको, पिळ." पिळला, सुटला. मग त्याच्यामागे इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी बाकदार टोपी, दोन नटांनी बसवलेली. दोन्ही नटांवर पिवळे ठिपके.

"दहाचा पाना. एकदम एकच नट काढू नको. थोडा हा, थोडा तो."

थोडा हा, थोडा तो. नट हातात आले. पान्याच्या मुठीने टोपीला हलकेच टकटक केलं आणि ती निघाली. आत, एका गोल खाचेत, थर्मोस्टॅट बसलेला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. लाडवाएवढा होता. मी वाकून बघत होते, उघडाय की बंद, अडकलाय की तुटलाय, कचरा आहे की गंज. काहीच नव्हतं. स्वच्छ होता. आणि त्याच्या स्प्रिंगच्या टोकावर, पितळेच्या डबीवर, एक नेटका पिवळा ठिपका माझ्याकडे बघत होता.

"दिसला का ठिपका?" आप्पांनी विचारलं.

"दिसला."

"मग मीच बसवलेला आहे तो. आता नव्याचं ऐक. हा एकाच बाजूने बसतो असं लोकांना वाटतं, पण उलटाही बसतो, तेच वाईट. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या पोटात गेली पाहिजे, गरम पाण्यात. उलटा बसवला तर डबी थंड बाजूला राहते, इंजिन जळून चाललं तरी तिला पत्ता नाही. म्हणून आम्ही डेपोत टेबलावरच डबीवर ठिपका द्यायचो. ठिपका आत. बसवल्यावर ठिपका दिसता कामा नये."

मी हातातला पाना खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून फडक्यावर ठेवला.

ठिपका माझ्याकडे बघत होता.

"काय झालं?" आप्पा म्हणाले. "अडकलाय ना?"

"काढते," मी म्हटलं.

बोटाने उचकटून काढला. हाताला थंडगार. माझ्या डोक्यात मात्र एकामागून एक दारं उघडत होती. चार महिने थंडी होती. शाळा जवळ, इंजिन जेमतेम तापायचं तोवर गाडी पोहोचायची. मग हवा तापली, चढावर वाहनांची रांग लागू लागली, आणि उकळलं. आप्पा पाणी विसरले नव्हते. आप्पांनी पाणी रोज बघितलं होतं. आप्पांनी फक्त एकदा, तेहतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, ठिपका बाहेर ठेवला होता. आणि हे आत्ता या जगात फक्त मला माहीत होतं. मला आणि स्टुलावर बसलेल्या एका मुलीला, जी मांजर हाकलता हाकलता सगळं बघत होती.

आप्पा खुर्चीवरून उठले. "आण आत. गाडीला हात लावणार नाही म्हटलं होतं, स्वयंपाकघराबद्दल काही बोललो नव्हतो. उकळत्या पाण्यात टाकून बघू. अडकलेला थर्मोस्टॅट उघडत नाही. तुझा नवरा आला की त्यालाही दाखवू, त्याच्या डोळ्यांनी बघू दे."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. शिवाय, खरं सांगते, मलाही बघायचं होतं.

तळ जळलेलं एक जुनं पातेलं काढलं, जे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही असं. कपाटातून माझा लॅबचा लांब थर्मामीटर काढला; नोकरी सोडताना मला तो निरोपाची भेट म्हणून मिळाला होता, बाकीच्यांना फुलं मिळायची. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात टांगला, तळाला टेकू दिला नाही. भिंगरीला खुर्चीवर उभं केलं, गॅसपासून हातभर लांब. तिघंही वाकून बघत होतो. थर्मोस्टॅटवर बारीक अक्षरांत ८२ लिहिलेलं होतं.

"पन्नास," मी म्हटलं. "साठ."

"उघडणार नाही," आप्पा म्हणाले. आवाजात चक्क आनंद होता.

"पंचाहत्तर. ऐंशी."

"बघ, हलतसुद्धा नाही."

"ब्याऐंशी."

आणि दाराला फट पडली. इतकी बारीक, की आधी मला वाटलं पाणी हलतंय. मग फट रुंद झाली. मधली तबकडी हळूहळू, कुणी आतून खांदा लावल्यासारखी, सरकत गेली. नव्वदला दार चांगलं उघडं होतं. भिंगरीने टाळ्या पिटल्या. "मेणाने उघडलं! मेणाने उघडलं!"

इतकी सुंदर गोष्ट मी खूप दिवसांत पाहिली नव्हती, आणि त्याच क्षणी मला ती बघवतही नव्हती. मी गॅस बंद केला. पाणी निवत गेलं तसं दार परत मिटलं. टक्.

आप्पा स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभे होते. "ठणठणीत आहे हा," ते म्हणाले. मग पातेल्याकडे बघत, "म्हणजे पाणीच नसेल. बघितलं असं मला वाटलं असेल फक्त. तो बरोबर म्हणत होता."

"आप्पा, नाही."

"अगं, आकडा तूच वाचलास ना?"

"पाणी तुम्ही बघितलं होतं. वरचा पाइप थंड होता, विसरलात का? आज तर पाणी काठोकाठ होतं, तरी थंड होता."

हे बोलले आणि जीभ चावली. कारण आप्पांच्या कपाळावर एक आठी पडली, आणि ती दुःखाची नव्हती. मेकॅनिकची होती. पाणी आहे. दार चांगलं आहे. तरी दार उघडत नाही. तेहतीस वर्षं हेच कोडं सोडवलेला माणूस. त्याला किती वेळ लागणार?

"ठिपका," ते हळू म्हणाले. "कुठे होता ठिपका?"

मी पातेल्यात बघितलं.

"माझ्याकडे बघत होता!" भिंगरी खुर्चीवरून म्हणाली. "आईकडे आणि माझ्याकडे. पिवळा."

 नळ ठिबकत नव्हता. त्यावर ठिपका आहे.

आप्पांनी दोरा धरून थर्मोस्टॅट वर काढला, फडक्यात धरून पुसला, आणि जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. याच टेबलावर कागद पसरून ते ठिपके देतात. त्यांनी तो समोर ठेवला, आडवा, उभा. "इथे मी बरोबर ठिपका दिला," ते म्हणाले. मला नाही, त्या वस्तूला सांगितल्यासारखं. "डबीवर. म्हणजे इथे मला माहीत होतं, हे टोक आत जाणार. इथे माहीत होतं." मग ते उठले, थर्मोस्टॅट ठिपका पुढे करून हातात धरला, आणि दाराकडे निघाले. भिंगरी मागोमाग मोजत निघाली. एक, दोन, तीन. उंबरठा. चार. चपला सरकवल्या. पाच, सहा. ओट्याची पायरी. बाराव्या पावलाला बॉनेट.

"बारा," भिंगरी म्हणाली.

आप्पांनी हातात बघितलं. ठिपका अजून पुढेच होता. ते परत टेबलाशी आले आणि पुन्हा निघाले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मीही शेजारून चालत होते. मला त्यांना थांबवायला हवं होतं बहुतेक. पण मी त्यांच्या हाताकडे बघत होते, अगदी त्या थर्मामीटरकडे बघितलं होतं तशीच. कुठे फिरतो हात? चपला घालताना? पायरी उतरताना हात भिंतीला लावतात तेव्हा?

"त्या दिवशी कुणी हाक मारली होती का तुम्हाला?" मी विचारलं. "फोन वगैरे?"

"आठवत नाही." ते हसले, थोडंसंच. "तेच तर."

तिन्ही वेळा ठिपका पुढेच राहिला. मग त्यांनी जुना थर्मोस्टॅट सदऱ्याच्या खिशात टाकला आणि रंगाची डबी आणून उघडली. टुक्क. बारीक कुंचला माझ्या हातात दिला. "नवा बसव. इंजिन इतक्यांदा उकळलंय, जुन्यावर भरवसा नको. आणि ठिपका तू दे."

"मी?"

"तपासून झालीस तू."

उचलताना कुंचला जरा ओढला गेला आणि ठिपका गोल न येता शेपटी असलेला आला. भिंगरी म्हणाली, "बेडकाचं पिल्लू." आप्पा म्हणाले, "चालेल. जाऊ दे आत पोहायला."

खाचेतली जुनी घाण फडक्याने साफ केली, नवी रिंग बसवली. थर्मोस्टॅट हातात घेऊन टेबलापासून बॉनेटपर्यंत चालले, आणि काय सांगू, बाराही पावलं मी त्या ठिपक्यावरून नजर हलवली नाही. पायरीवर ठेच लागली. स्प्रिंग आत, डबी आत. आप्पांनी ओट्यावरून विचारलं, "भिंगरे, ठिपका दिसतो का?"

ती टाचा उंच करून बघत राहिली. "नाही दिसत! हरवला!"

"हरवला ना? मग बरोबर."

टोपी बसवली. थोडा हा नट, थोडा तो. पाइप, पट्टा, वरून सावकाश पाणी आणि त्यातलं हिरवं कूलंट. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण लावला. टाकीच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले आणि भिंगरीने ते साठपर्यंत मोजले, म्हणजे तिला येतात तितके. काटा मध्यावर आला. माझा उलटा हात पाइपावर. थंड. थंड. थंड. मग एकदम, नळाला गरम पाणी यावं तसा तो आतून भरत तापला, मी हात झटकला, आणि काटा मध्यावर थबकला. मी किंचाळलेच. आप्पांनी मान डोलवली. एकदाच.

मग आम्ही तिघं चढावर जाऊन आलो. मी चालवत होते, आप्पा शेजारी, हात मांडीवर. चढावर दोनदा मुद्दाम थांबले. काटा जागचा हलला नाही. उतरताना आप्पा म्हणाले, "त्याला काय सांगायचं ते तू सांग. मी खोटं बोलणार नाही. पण आज बोलणारही नाही." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

नवरा सव्वाचारला आला. दारात टब, कोपरापर्यंत काळे माझे हात, टेबलावर जळक्या बुडाचं पातेलं. "काय चाललंय काय?"

"गाडी झाली."

"म्हणजे?"

"थर्मोस्टॅट होता. पाणी पुढे जात नव्हतं, आतल्या आत उकळून उडून जायचं. म्हणून तुला टाकी रिकामी दिसली. पाणी आप्पा विसरले नव्हते." यातला शब्दन् शब्द खरा होता. मी तो दोनदा मनात तपासून घेतला होता.

तो खुर्चीवर बसला. मग उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला त्याच्या गालाला हात लावावासा वाटला, पण हाताला ग्रीस होतं. त्याने माझ्यापुढून किल्ली उचलली, खालच्या खुंटीवर अडकवली, आणि आप्पांच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "आप्पा, चुकलं माझं. व्हॅनवाल्याला आत्ताच नाही म्हणतो. सोमवारपासून तुम्हीच न्या हिला."

आत खाट करकरली. मग आप्पांचा आवाज, दारामागून, अगदी साधा. "सूनबाईला विचार."

नवरा माझ्याकडे वळला. "काय विचारू? अजून काही निघालं का?"

मी तोंड उघडलं. सोमवारी सकाळचा चढ डोळ्यांपुढे आला, खिडकीतून हात हलवणारी माझी पोर, आणि स्टिअरिंगवरचे ते दोन हात, ज्यांनी या घरातला एकही नट ढिला राहू दिला नव्हता. एक चूक. चार महिन्यांत एक. की पुढे येणाऱ्यांतली पहिली? हे उकळत्या पाण्यात टांगून बघता येत नाही, आणि त्याच्यावर आकडाही लिहिलेला नाही.

भिंगरी तेवढ्यात टेबलापाशी गेली होती. हातात काहीतरी अदृश्य धरून, पावलाला पाऊल जोडत, ती दाराकडे चालत निघाली. उंबरठ्यावर थांबली, मागे बघितलं, परत टेबलाशी आली. पुन्हा निघाली. पायरीपाशी थांबली. मग माझ्याकडे वळून, अगदी आप्पांसारखीच कपाळावर आठी घालून तिने विचारलं,

"आई, आजोबा कितव्या पावलाला विसरले?"